खाजगी छायाचित्र आणि भरंवशाचा छायाचित्रकार

विवाहापूर्वीं अथवा विवाहाच्या वाढदिवसानिमित्त, केवळ स्वतःसाठीं किंवा पतीसाठीं, शृंगारवेषांत व शयनगृहाच्या एकान्तांत छायाचित्रें काढून घेण्याची प्रथा मोठ्या शहरांत आतां नवी राहिलेली नाहीं. कोणी बाळंतपणानंतर, कोणी मोठ्या दुखण्यांतून उठल्यावर, आपला देह पुन्हा आपलासा वाटावा म्हणूनहि तीं काढवितात. ह्या प्रकारास ‘बूद्वार’ छायाचित्रण म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. रुसणें ह्या अर्थाच्या धातूपासून तो निघाला व स्त्रीच्या खाजगी खोलीस लागू झाला. कैकेयीचें कोपगृह ज्यांना ठाऊक आहे त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. अशीं छायाचित्रें काढावींत कीं नाहीं, हें त्या त्या सज्ञान स्त्रीनें स्वतः ठरवावयाचें आहे. काढावयाचीं ठरलीं तर भरंवशाचा छायाचित्रकार कसा ओळखावा, एवढाच आजचा विषय.

प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. लाला दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैदराबादेंत पडदानशीन स्त्रियांसाठीं निराळा जनाना स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईकडे सोंपविला. परक्या पुरुषाची नजर आंत पोहोंचूं नये, ही काळजी त्यांत होती. परंतु इंग्लंडांत १८८८ सालीं न्यायालयापुढें दुसरीच अडचण आली होती. एका विवाहित बाईनें पैसे देऊन आपलें साधें छायाचित्र काढून घेतलें. छायाचित्रकारानें त्याच काचेवरून आणखी प्रती काढून नाताळाचें भेटकार्ड बनविलें आणि दुकानाच्या खिडकींत मांडलें. न्यायालयानें त्यास मनाई केली व हा करारभंग आणि विश्वासभंग होय, असा निर्णय दिला. ह्यावरून ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं छायाचित्र घेण्याची घटका टळली म्हणजे धोका टळला असें होत नाहीं. मूळ प्रत ज्याच्या हातीं राहते त्याच्या सचोटीवर पुढील सर्व अवलंबून असतें. आज काच गेली. तिच्या जागीं कॅमेऱ्यांतील कार्ड, संगणक व दूर कोठें तरी सांठविलेल्या प्रती आल्या. काच निदान फोडतां तरी येत असे!

म्हणून पहिली परीक्षा नमुने पाहतांनाच करावी. नमुने पाहण्याजोगे असावेतच. पण तीं चित्रें दाखविण्याची लेखी परवानगी त्या स्त्रियांनीं दिली आहे काय, हें विचारावें. जो छायाचित्रकार आपलें कसब पटवून देण्याकरितां खिशांतील फोन काढून दुसऱ्या गिऱ्हाइकांचीं खाजगी चित्रें सहज दाखवितो, तो उद्यां आपलींहि तशींच दाखवील. येथें कलेपेक्षां त्याचें तोंड बंद ठेवण्याचें सामर्थ्य अधिक मोलाचें आहे. तसेंच, ‘निवड करण्यासाठीं आधीं तुमचीं तशीं चित्रें पाठवा,’ अशी मागणी कोणी केली तर व्यवहार तेथेंच संपवावा.

दुसरें, ठरलेल्या दिवसापूर्वीं एकदां स्टुडिओ पाहून यावा. खोलींत कोणकोण असेल, कपडे बदलण्याची जागा बंदिस्त आहे काय, मैत्रीण अथवा बहीण सोबत आणल्यास चालेल काय, हें स्पष्ट विचारावें. सोबतीस हरकत घेणाऱ्यापासून दूर राहावें. चांगला छायाचित्रकार कसें बसावें हें तोंडानें सांगतो किंवा स्वतः करून दाखवितो. न विचारतां हात लावीत नाहीं, आणि ‘पुरे’ म्हणतांच थांबतो. छायाचित्रकार स्त्री असली म्हणजे संकोच कमी होतो हें खरें, तथापि तेवढ्यानें निर्धास्त होऊं नये. चित्रें सुधारण्याचें काम ती बाहेर कोणाकडे पाठविते काय, हाहि प्रश्न विचारावाच.

तिसरी व मुख्य गोष्ट कराराची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राची पहिली मालकी काढविणाऱ्याची असते. मात्र उलट करार नसेल तरच. छापील नमुन्यांतील एखादें बारीक वाक्य हा हक्क काढून घेऊं शकतें. म्हणून सही करण्यापूर्वीं कागद घरीं आणून सावकाश वाचावा. प्रती कोठें सांठविल्या जातील, किती दिवसांनीं नष्ट होतील, जाहिरातींत वा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामीं त्या वापरल्या जाणार नाहींत, हें त्यांत लिहून घ्यावें. जाहिरातीच्या परवानगीच्या बदल्यांत दर उतरविण्याची तयारी कोणी दाखविल्यास तो सौदा महागांतला समजावा. शंका उरलीच, तर चेहरा न दिसेल अशींच चित्रें घेण्यास सांगावें.

इतकेंहि करून कोणी दगा दिला, तर कायदा पाठीशीं आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाप्रमाणें, स्त्रीनें असें खाजगी चित्र घेण्यास संमति दिली, पण इतरांस दाखविण्यास दिली नाहीं, तर तें प्रसृत करणें हा गुन्हा ठरतो; पहिल्या गुन्ह्यास १ ते ३ वर्षें कैद व दंड आहे. ‘तूं स्वतःच काढूं दिलेंस ना?’ ह्या प्रश्नास कायद्यानें दिलेलें हें उत्तर होय. धमकी आल्यास पैसे देऊं नयेत, कारण एकदां दिल्यानें मागणी थांबत नाहीं. संदेश पुसून न टाकतां जपून ठेवावेत, व पोलीस ठाण्यांत किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रारीच्या संकेतस्थळावर तक्रार करावी.

शेवटीं चार शब्द घरांतील वडीलधाऱ्यांस. धमकी देणाऱ्याचें सारें भांडवल म्हणजे त्या मुलीस किंवा सुनेस घरच्यांची वाटणारी भीति. सासूबाईंच्या कानीं गोष्ट गेली तर काय होईल, ह्या विचारानें ती गप्प बसते, दागिना मोडून पैसे भरते, आणि कधीं कधीं जिवावरहि उदार होते. ज्या घरांत ती रात्रीं उठून ‘आई, असें झालें आहे’ असें म्हणूं शकते, तेथें धमकी देणाऱ्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. छायाचित्रकाराचा भरंवसा पारखून घ्यावा लागतो. घरचा भरंवसा पारखण्याची वेळ तिच्यावर येऊं नये.