आवाराबाहेरचा विद्यार्थी

आज प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट आहे, मग विद्यापीठाच्या संगणकजालाचे एवढे अप्रूप कशाला, असा प्रश्न हल्ली शहाणीसुरती माणसेही विचारतात. प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक घोटाळा आहे. खिशातील इंटरनेट दारापर्यंत नेते. दार उघडते ते आवाराच्या जाळ्याला.

संशोधनपत्रिकांचे प्रकाशक वाचकाला ओळखत नाहीत. तो ज्या जाळ्यातून आला त्याचा आयपी क्रमांक ओळखतात. ग्रंथालयात बसून जो लेख विनासायास वाचता येतो, तोच लेख फाटकाबाहेरच्या खोलीतून मागितला की डॉलरमध्ये किंमत पुढे येते. आवारातील विद्यार्थ्याला निदान ग्रंथालयात परतता तरी येते. तालुक्याच्या गावी संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्याने काय करावे? पदवी त्याच विद्यापीठाची, परीक्षा शुल्क त्याच विद्यापीठाचे. जाळे मात्र त्याचे नव्हे.

हा भेद आजचा नाही. १९८६ साली ‘अर्नेट’ प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अशा मोजक्याच संस्था होत्या. आरंभ शिखरापासून झाला, हे समजण्यासारखे आहे. पुढे मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञानजालासाठी ५,९९० कोटी रुपये मंजूर झाले आणि विद्यापीठांपर्यंत वेगवान तारा गेल्या. पायथा तरीही दूरच राहिला.

महाविद्यालयांसाठी ‘इन्फ्लिबनेट’ची ‘एन-लिस्ट’ ही सोय आहे, आणि ती चांगली आहे. परंतु तिच्यासाठी महाविद्यालयाने सभासद व्हावे लागते, नावांची यादी कोणीतरी भरावी लागते. ग्रंथपालाचे पद रिक्त असेल तर ती कोणी भरायची? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केले. सुमारे १३,००० पत्रिका तीत आहेत. ती मात्र केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली आहे. महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा भार खासगी शिक्षणसंस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिला, याचा या आखणीत विसर पडलेला दिसतो.

तांत्रिक अडचण म्हणावी तर तीही उरलेली नाही. ‘एज्युरोम’ व्यवस्थेत एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्याच्या आवारात आपल्याच परवलीच्या शब्दाने जाळ्यात शिरतो. ओळख जागेची न धरता माणसाची धरली, एवढेच. वाचक वाढले की प्रकाशक वर्गणी वाढवतील, ही भीती मात्र खोटी नाही. म्हणून हा सौदा एकेका प्राचार्यावर न सोपवता राज्याने सर्वांच्या वतीने करावयास हवा. दरम्यान विद्यापीठांना एक काम आजही करता येईल: प्रवेशाची पावती देतानाच, आवारातल्या आणि संलग्न महाविद्यालयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती जाळ्याचे खाते ठेवणे.