‘कळवतो’ म्हणालात ना, मग कळवा!

‘ठीक आहे, आम्ही कळवतो.’ इंटरव्ह्यूच्या शेवटी हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मग फोन उशाशी ठेवून झोपायचं. अनोळखी नंबर दिसला की काळजात धस्स. उचलला, तर क्रेडिट कार्डवाला. बरोबर ना?

होटगीचा माझा एक मित्र दोन महिने असाच फोनकडे बघत बसलाय. आमचं होटगी म्हणजे जंक्शन. इथून एक रूळ वाडीकडे जातो, दुसरा विजयपूर-गदगकडे. गावात सिमेंटचा कारखाना आहे, जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे. तरी डिग्री हातात आली की पोरांची गाडी पुण्याकडेच वळते. पहाटे उठून सोलापूर गाठायचं, हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, इस्त्रीचा शर्ट पिशवीत जपून न्यायचा. मित्राने एकाच कंपनीसाठी अशा तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या वेळी एचआर मॅडमनी कागदपत्रं तपासली, पगाराचं बोलणं केलं आणि म्हणाल्या, ‘शुक्रवारपर्यंत कळवते.’ त्या भरवशावर त्याने सोलापुरात मिळत असलेली नोकरी सोडली. असे आठ शुक्रवार गेले. मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत. परवा तो म्हणाला, ‘नाही म्हणाले असते तरी चाललं असतं रे. एक दिवस वाईट वाटलं असतं, दुसऱ्या दिवशी कामाला लागलो असतो.’

मला हे वाक्य लागलं. म्हणून रिक्रूटर असलेल्या माझ्या मामेबहिणीला गाठलं. ती शांतपणे म्हणाली, ‘निवडलेला माणूस ऐनवेळी येत नाही. मग दुसऱ्या नंबरचा हाताशी असावा म्हणून आम्ही त्याला नाही म्हणत नाही. कधी वरून पदच थांबवतात, ते बाहेर सांगायची आम्हाला परवानगी नसते.’ मग तिने मलाच विचारलं, ‘आणि तुम्ही पोरं? ऑफर लेटर घेता आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद! तेव्हा बोलणी कोण खातं?’

तिचं चुकीचं नाही. पण दुसऱ्या नंबरच्या पोराला आपण दुसऱ्या नंबरवर आहोत हे कळायला नको? त्याचे दोन महिने फुकटचे आहेत का?

मुळात ही खुर्ची आली कुठून, ते बघा. पूर्वी गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असायची. त्याची मर्जी आणि त्याला दिलेली चिरीमिरी यावर काम मिळायचं. १९३१ साली शाही कामगार आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, भरतीचा हा अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा, अशी शिफारस केली. १९४८च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. एचआरच्या शिक्षणासाठी आज नावाजलेली मुंबईची ‘टिस’ १९३६ साली सुरू झाली, तीही समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था म्हणून. म्हणजे दारात आलेल्या माणसाला कुणाच्या मर्जीवर ताटकळत राहावं लागू नये, हाही या खुर्चीमागचा एक हेतू होता. आता चिरीमिरी नसेल, पण ताटकळणं तेच असेल, तर बदललं काय?

उपाय अवघडही नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६पासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना नियम लागू झालाय. जाहिरात देऊन भरती केली, तर मुलाखत झालेल्या उमेदवाराला ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते कळवावंच लागतं. आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल. दोन ओळींच्या मेलला कायदा कशाला हवा? ‘तुमची निवड झाली नाही’ किंवा ‘निर्णय अजून झालेला नाही, तुम्ही इतरत्र प्रयत्न करा.’ बास.

तुमच्यापैकी कित्येक जण एमबीए करून एचआरमध्येच जाणार आहात. ‘मला माणसांशी बोलायला आवडतं’ असं इंटरव्ह्यूत सांगणारही आहात. मग नाही म्हणायचं असतं तेव्हाही बोला. आणि जे माझ्या मित्रासारखे वाट बघताय, त्यांनी उठण्याआधी विचारायचं, ‘कोणत्या तारखेपर्यंत कळवाल, आणि कोणाला फोन करू?’ लेखी हातात येईपर्यंत दुसरी नोकरी सोडायची नाही. दुसरीकडे जॉइन होणार असाल, तर पहिल्या कंपनीला एक फोन करायचा. तेवढं आपणही पाळू.

होटगी स्टेशनवर गाडी लेट असली तर निदान अनाउन्समेंट होते. मग माणूस ठरवतो, थांबायचं की एसटी पकडायची. माझ्या मित्राला तेवढंच हवं होतं.