डिस्चार्ज बुक काय सांगते?



आपल्या सातारा-सांगलीकडे बऱ्याच घरांत एक लोखंडी ट्रंक असते. तिच्यात फौजीचा गणवेशातला फोटो असतो आणि त्याचे डिस्चार्ज बुक. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते.

माझ्या सासऱ्यांचा इन्तिकाल झाला, तेव्हा सासूबाईंचे कुटुंब निवृत्तिवेतन अडकले. लष्कराच्या नोंदीत त्यांचे माहेरचे लाडाचे नाव, आधार कार्डावर दुसरेच. आठ महिने पैसा आला नाही. त्याहून वाईट म्हणजे गल्लीत कुजबुज सुरू झाली, “फौजेतून काढून टाकले असेल त्यांना!” सासूबाई रात्र-रात्र जागत. पोटाची चिंता होतीच, पण मरहूम नवऱ्याच्या इज्जतीची जास्त.

हा आळ मोठ्यांनाही चुकत नाही. २०११ साली अण्णा हजारे यांचे आंदोलन जोरात असताना, ते लष्करातून पळून आले, असे बोलले गेले. अखेर माहितीच्या अधिकारात कोणीतरी लष्करालाच विचारले. उत्तर आले: अण्णा १९६० साली भरती झाले, १९७५ साली सन्मानाने सेवामुक्त झाले, त्यांना कधी शिक्षा झाली नाही, पाच पदकेही मिळाली. ज्या अधिकारासाठी अण्णांनी उपोषणे केली, त्याच अधिकाराने त्यांच्यावरचा आळ धुऊन काढला. त्यांची इतर मते पटोत न पटोत, या बाबतीत इन्साफ झाला.

अमेरिकेतही २००४ च्या निवडणुकीत जॉन केरी आणि जॉर्ज बुश, दोघांच्याही लष्करी नोकरीवर शंका घेतल्या गेल्या. म्हणजे रोग सगळीकडचाच.

आपल्याकडे उमेदवाराला शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण सांगावे लागते. लष्करी नोकरीचा दाखला जोडावा लागत नाही. म्हणून फलकावर ‘माजी सैनिक’ दिसले, तर किती वर्षे, कोणत्या पलटणीत आणि सेवामुक्ती कशी झाली, हे अदबीने विचारावे. खऱ्या फौजीला त्याचा राग येत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाला पळपुटाही म्हणू नये.

आता आपल्या घरचे. डिस्चार्ज बुकात सैन्य क्रमांक, हुद्दा, भरतीची व सेवामुक्तीची तारीख, तिचे कारण, वर्तणूक आणि पदके लिहिलेली असतात. फौजी हयात असतानाच ते उघडा. लष्कराच्या नोंदीत पत्नी-मुलांची नावे आणि जन्मतारखा आधारप्रमाणेच आहेत ना, ते पाहा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून अर्ज रेकॉर्ड ऑफिसला पाठवता येतो. झेरॉक्स वेगळ्या ठिकाणी ठेवा.

सासूबाईंचे नाव शेवटी दुरुस्त झाले. पहिली रक्कम जमा झाली त्या दिवशी त्यांनी डिस्चार्ज बुक शेजारणीपुढे ठेवले आणि नातीकडून वाचून घेतले, “वर्तणूक: उत्तम.”