शेजाऱ्याचे घर लिलावात निघते, तेव्हा आम्ही गप्प का?



पेपरात बारीक अक्षरांत बँकेची नोटीस येते. कर्जदाराचे नाव, गाव, चतुःसीमा, राखीव किंमत. आपण नाव ओळखतो, हळहळतो आणि पान उलटतो. 'तळतळाटाचे घर आपल्याला नको' हे वाक्य जोयडा तालुक्यातल्या कितीतरी जुन्या घरांत आम्ही ऐकले आहे. ऐकायला ते सज्जनपणाचे वाटते. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, हा सज्जनपणाच शेजाऱ्याच्या मुळावर येतो.

कसे ते पाहा. 2002 च्या ज्या कायद्याला बँकवाले सरफेसी म्हणतात, त्याने बँकेला दिवाणी कोर्टात न जाता तारण विकण्याचा अधिकार दिला. शेतजमीन यातून वगळली आहे. पण घर, दुकान, बिनशेती केलेली जागा सुटत नाही. 'आपलीच सहकारी बँक आहे, सांभाळून घेईल' हा भ्रमही नको. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा सहकारी बँकांनाही लागू ठरवला.

आता मुद्द्याची गोष्ट. विक्रीतून बँकेचे येणे व खर्च भागून जे उरेल ते कर्जदाराला परत मिळते, आणि रक्कम कमी पडली तर उरलेले कर्ज त्याच्याच डोक्यावर राहते. म्हणजे बोली जितकी चढेल तितका शेजारी सुटतो. गावातला एकही माणूस बोलीला उभा राहिला नाही, तर घर पडेल भावाने परक्याकडे जाते. घरही गेले आणि कर्जही राहिले! मग तळतळाट कोणाला लागावा, बोली लावणाऱ्याला की घरी बसणाऱ्याला?

शेजारच्या गोव्यातले उदाहरण घ्या. कांदोळीच्या किंगफिशर व्हिलाला बोलीच येईना, तेव्हा राखीव किंमत सुमारे 85 कोटींवरून 73 कोटींवर आली आणि 2017 साली तो त्याच भावाच्या आसपास विकला गेला. मल्ल्यांच्या बंगल्याची ही गत, तर आपल्या कौलारू घराची काय कथा?

अर्थात, घर वाचवणे हे पहिले कर्तव्य, विकत घेणे दुसरे. बँकेची पहिली नोटीस 60 दिवसांची असते. बँकेने पुढची कारवाई केली की 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण लिलावाची जाहिरात निघाली की पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितले. जाहिरात वाचून वर्गणी काढणे म्हणजे वरातीमागून घोडे.

इथेच आमची तक्रार आहे. लिलावाची नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी, त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे, असा नियम आहे. मराठी-कोकणी बोलणाऱ्या वाडीची स्थानिक भाषा कोणती, हे कोणी ठरवायचे? कन्नडचा आम्हाला द्वेष नाही. पण ज्याचे छप्पर जाणार, त्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला नोटीस कळली पाहिजे. तिची मराठी प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलीच पाहिजे, ही आमची मागणी आहे.

पहिल्यांदा बोली लावणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवावेत. मालमत्ता 'जशी आहे, जेथे आहे' या बोलीवर विकतात. थकलेली घरपट्टी, वीजबिल, आत बसलेला भाडेकरू हे सारे घेणाऱ्याच्या गळ्यात पडू शकते. उतारा व सबरजिस्ट्रारकडील बोजाचा दाखला आधी पाहा. आपला तालुका जंगलाचा, तेव्हा जागा वनखात्याच्या हद्दीत नाही ना, याची खात्री करा. बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की नुसता कागदोपत्री, हे विचारा. बोली लागल्यावर उशिरात उशिरा पुढच्या कामाच्या दिवशी 25 टक्के भरावे लागतात, बाकीचे विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदतवाढ मिळालीच तर फार तर तीन महिन्यांपर्यंत. पैसे जमले नाहीत तर 25 टक्के जप्त होतात, आणि 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी जप्ती योग्य ठरवली आहे. गोव्यात आरोशीचे हॉटेल आयटीसीने 2015 साली 515 कोटींना लिलावात घेतले. ती विक्री कोर्टात अडकली आणि 2018 साली कायम झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला थांबावे लागले, तिथे आपण दम धरलाच पाहिजे.

आणखी एक. आपसांत ठरवून बोली पाडणे हा शेजाऱ्याचा घातच. चार घरांनी मिळून घ्या, पण उघडपणे आणि रास्त भावाने घ्या. जमल्यास त्याच कुटुंबाला भाड्याने राहू द्या.

काळी नदीवर धरण झाले आणि जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. ते सरकारने केले, आपल्या हाती काही नव्हते. आज एकेक घर जाते ते आपल्या मौनाने. नोटीस आलेल्या कुटुंबाने लाज न बाळगता 60 दिवसांच्या आत संघटनेकडे यावे. आणि बाकीच्यांनी? पुढच्या वेळी पान उलटू नये.