एकमत आणि एकोपा

‘हार्डकोर पंक’ हें नांव ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठी पडेल, आणि त्याबद्दल आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. १९८० च्या सुमारास अमेरिकेंत रूढ झालेला हा संगीतप्रकार कानांस सुखविण्यासाठीं जन्मलाच नाहीं. दीड-दोन मिनिटांत आटोपणारें गाणें, श्वास घेण्यास सवड न देणारी द्रुत लय, कर्कश गिटार, आणि ज्यास गायन म्हणण्यापेक्षां आरोळी म्हणणें अधिक योग्य असा कंठस्वर, हें त्याचें स्वरूप. त्यांत आलाप नाहीं, आणि राग आहे तो केवळ कोपाच्या अर्थानें!

परंतु याच गोंगाटांतून एक असा पंथ निघाला कीं, त्याचे नियम ऐकून घरांतील वडीलधारीं माणसेंही चकित व्हावीं. वॉशिंग्टन शहरांतील ‘मायनर थ्रेट’ नांवाच्या वादकमंडळीनें १९८१ सालीं ‘स्ट्रेट एज’ हें गाणें काढलें. त्याचें तात्पर्य इतकेंच कीं, आम्हांस मादक पदार्थांची गरज नाहीं. आम्ही शुद्धीवर राहूनच जगणार. गाण्याचें नांव पुढें पंथास मिळालें. मद्यगृहांत गाणें ऐकावयास येणाऱ्या अल्पवयी मुलांस दारू दिली जाऊं नये म्हणून त्यांच्या हातांवर काळी फुली काढीत असत. तीच खूण या मुलांनीं भूषण म्हणून आपण होऊन धारण केली. पुढें कित्येकांनीं मांस सोडलें, आणि त्यांहूनही कडव्या व्रतस्थांनीं दूधतूपही सोडलें. अशा व्रतस्थ तरुणांच्या एका मंडळीची हकीकत आज आम्ही सांगणार आहों. ती उदयास कशी आली, याहून ती फुटली कशी, हें आम्हांस अधिक विचार करण्याजोगें वाटतें.

स्वीडन देशाच्या उत्तर भागांत, स्टॉकहोमपासून रस्त्यानें सुमारें ६०० किलोमीटरांवर, उमेओ हें नगर आहे. १८८८ सालच्या आगींत त्याचा मोठा भाग जळून गेला. नगर पुन्हां उभारतांना आग पसरूं नये म्हणून रस्ते रुंद आखले व दुतर्फा भूर्जवृक्ष लावले. म्हणून त्यास ‘भूर्जवृक्षांचें नगर’ असें म्हणतात. १९६५ सालीं तेथें विद्यापीठ स्थापन झालें व गांवांत तरुणांची वस्ती वाढली. डिसेंबरांत तेथील दिवस पांच तासांहूनही लहान असतो. अशा लांबलचक रात्रीं तरुणांनीं करावें तरी काय?

या प्रश्नाचें उत्तर त्या देशानें फार पूर्वींच शोधून ठेवलें आहे. तीन किंवा अधिक माणसें एखादा विषय शिकण्यासाठीं नियमानें जमूं लागलीं, म्हणजे तें अभ्यासमंडळ होतें, आणि सरकारी साहाय्यावर चालणाऱ्या लोकशिक्षण संस्थांकडून त्यास जागा मिळूं शकते. वाद्यवादनाचा सराव हाही तेथें अभ्यासच गणला जातो. शिवाय नगरपालिकांच्या संगीतशाळांतून मुलांना अल्प खर्चांत वाद्य शिकतां येतें. हार्डकोरचा गोंगाट त्या संस्थांच्या चालकांस प्रिय असेल असें नव्हे. पण आपणांस न रुचणाऱ्या गोष्टीसाठींही त्यांनीं तरुणांना एक खोली उघडून दिली, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

अशा गांवांत १९९१ सालीं ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे ‘नाकारलेले’ या नांवाची मंडळी उभी राहिली. गायक डेनिस लिक्सेन व ड्रमवादक डेव्हिड सांडस्ट्रोम हे तिचे आधारस्तंभ. पुढें क्रिस्तोफर स्टेन आणि यॉन ब्रेनस्ट्रोम हे गिटारवादक येऊन मिळाले. तबकड्या काढण्यासाठीं कोणा धनिकाचें दार ठोठावीत न बसतां लिक्सेन यानें एका मित्रासह आपलीच लहानशी संस्था काढली. मंडळीच्या मोठ्या तबकड्या १९९४ व १९९६ सालीं निघाल्या, आणि युरोप-अमेरिकेंतील या पंथाच्या श्रोत्यांत उमेओचें नांव पोहोंचलें. गांवांतील कित्येक शाळकरी मुलें मांस व दूध सोडूं लागलीं. इतकीं कीं, तेथील विद्यापीठांतील आहारशास्त्रज्ञांस त्यांचा अभ्यास करावासा वाटला. मद्य नको, मांस नको, आणि धनिकांच्या हातीं सत्ता नको, अशी मंडळीची त्रिविध प्रतिज्ञा होती. या तिन्ही गोष्टींवर सर्वांचें एकमत होतें.

१९९८ सालीं त्यांनीं आपली तिसरी मोठी तबकडी तयार केली. तिचें नांव ‘द शेप ऑफ पंक टू कम’. अमेरिकन जाझवादक ऑर्नेट कोलमन याच्या १९५९ सालच्या एका प्रसिद्ध तबकडीच्या नांवावरून हें नांव योजलें होतें. पंकचें भावी स्वरूप आम्ही दाखवितों, असा त्याचा उद्दाम अर्थ. आणि तो केवळ नांवापुरता नव्हता. तिच्या १२ भागांत जाझ आहे, तंतुवाद्यें आहेत, विद्युत्-यंत्रांनीं निर्माण केलेले ध्वनि आहेत, नुसतें बोलणेंही आहे. ज्या पंथानें जगाविरुद्ध बंड केलें, त्या पंथाच्याच ठरीव चालीविरुद्ध या तरुणांनीं बंड केलें.

पण ही तबकडी घडत असतांनाच मंडळीचीं मनें एकमेकांपासून दूर जात होतीं. लिक्सेनचें चित्त राजकीय विचारांत गुंतलेलें, इतरांचें नवीन संगीतरचनेंत. त्या वर्षींच्या शरदांत मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली. अशा लहान मंडळ्यांचा दौरा म्हणजे वैभव नव्हे. एका मोटारींत रात्रंदिवस तींच चार-पांच माणसें, तोच घामट वास, आणि मुक्कामीं पोहोंचावें तों श्रोते मोजके. अॅटलांटा येथें असतांना आतां पुरे, असें ठरलें. शेवटचा कार्यक्रम व्हर्जिनिया राज्यांतील हॅरिसनबर्ग या लहान गांवीं, एका घराच्या तळघरांत झाला. चार गाणीं होतात न होतात तोंच पोलीस आले आणि तोही अर्धवट राहिला. त्यानंतर कांहीं दिवसांनीं, २७ ऑक्टोबर १९९८ रोजीं, तबकडी बाजारांत आली. लेंकरूं जन्मास आलें, तेव्हां घर मोडलेलें होतें.

मंडळीनें एक जाहीर पत्रक काढलें. आपण पुन्हां कधींही एकत्र वाजविणार नाहीं, आणि वर्तमानपत्रांनीं आपलीं छायाचित्रें जाळून टाकावीं, अशा आशयाचें तें होतें. त्यांतील आवेश पाहून हंसूं येतें, पण त्यामागील दुःख खोटें नव्हतें. स्टेन यानें २००६ सालीं या अखेरच्या दिवसांवर एक अनुबोधपट केला. आठ वर्षांनंतरही ती जखम उलगडून पाहावी, असें एका घटकास वाटलें, यावरून ती किती खोल होती तें दिसतें.

या तरुणांना व्यसनानें बुडविलें असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. संगीतमंडळ्यांच्या नाशाचीं जीं नेहमींचीं कारणें सांगतात, तीं त्यांनीं आरंभींच दाराबाहेर ठेवलीं होतीं. जिभेचीं कामें दोन, चाखणें आणि बोलणें. पैकीं पहिल्यावर त्यांच्या पंथानें कडक बंधन घातलें. दुसऱ्यासाठीं, म्हणजे मनांत साचलेलें वेळीं व निर्मळपणें बोलून टाकण्यासाठीं, त्या पंथांत नियम नव्हता.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस यांतील मर्म चटकन् कळेल. एकच कुलदैवत, एकच पंक्ति, सोंवळ्याओंवळ्याविषयीं तिळमात्र मतभेद नाहीं, अशीं घरें फुटलेलीं आपण पाहतों. आणि कारण विचारावें तर ‘आम्हांला कोणी विचारलेंच नाहीं’ एवढेंच निघतें. उलट राजकारणांत दोन टोकांस असलेले भाऊ शेजारीं पाट मांडून जेवतात व घर टिकतें. एकमत हें प्रतिज्ञेनें साधतें; एकोपा रोजच्या रोज मिळवावा लागतो. विशींतल्या तरुणांस पहिलें सोपें वाटतें आणि दुसरें क्षुद्र. त्यांत नवल नाहीं, पण हें वय ज्यांनीं ओलांडलें आहे त्यांनीं तरी मुलांना फक्त काय वर्ज्य करावें एवढेंच शिकवून थांबूं नये.

मंडळी फुटली, पण तबकडी राहिली. आरंभीं जिची फारशी कोणी दखल घेतली नाहीं, ती पुढें वादकांच्या नव्या पिढीनें हातोहात नेली, आणि आज ती या प्रकारांतील अग्रगण्य कृतींत गणली जाते. ‘पुन्हां कधींही नाहीं’ ही प्रतिज्ञाही टिकली नाहीं. २०१२ सालीं मंडळी पुन्हां एकत्र आली. २०१४ सालीं ब्रेनस्ट्रोम याला दूर केल्याची कटु वार्ता आली, म्हणजे जुनें दुखणें सर्वस्वीं गेलें नव्हतें. तरी २०१५ व २०१९ सालीं दोन नव्या तबकड्या निघाल्या. अखेर २०२४ सालीं त्यांनीं आपला निरोपाचा दौरा जाहीर केला, आणि डिसेंबरांत उमेओ येथेंच शेवटचा कार्यक्रम केला. पहिला शेवट परक्या देशांतील तळघरांत, अर्ध्यावर झाला होता. दुसरा त्यांनीं आधीं सांगून, आपल्या गांवांत, आपल्या माणसांसमोर केला.