आधी पगार, मग शिट्टी

धाडस या गुणाबद्दल मला आदर आहे. फक्त ते ज्याचं त्यानं ज्याच्या त्याच्या पैशानं करावं, एवढंच माझं म्हणणं. ते मांडायला मी थेट अमेरिकेतल्या फुटबॉलपर्यंत का जावं, असं कुणी विचारील. नाव 'फुट'बॉल आणि चेंडू सदा हातात, असला तो खेळ मला आजतागायत कळलेला नाही. पण त्यातल्या नव्या नव्या लीगांचे ताळेबंद मात्र बी.कॉम.च्या पुण्याईवर फार छान कळतात. तिकडे दर काही वर्षांनी एखादा धनिक उठतो, जुन्या एन.एफ.एल.च्या नाकावर टिच्चून नवी लीग काढतो, बँड वाजतो, फटाके उडतात, आणि फटाक्यांचा धूर विरतो न विरतो तोच जप्तीवाले मैदानात उतरतात.

न्यू जर्सीतला माझा मेहुणा म्हणतो, "भाऊजी, इकडे अपयशालासुद्धा मान असतो. प्रयत्न केला हे महत्त्वाचं!"

मला नेमकं हेच मान्य नाही. प्रयत्न कुणाच्या खाती जमा झाला ते सगळे सांगतात. अपयश कुणाच्या नावे पडलं ते कुणी सांगत नाही. कीर्दीच्या दोन्ही बाजू लिहा, मग बोला.

१९७४ची वर्ल्ड फुटबॉल लीग घ्या. फिलाडेल्फियाच्या 'बेल' संघाच्या पहिल्या दोन घरच्या सामन्यांना मिळून एक लाख वीस हजार प्रेक्षक! वर्तमानपत्रं हरखून गेली. पुढे शहराचा कर भरायची वेळ आली तेव्हा कळलं, की पैसे मोजून आलेले वीस हजारांच्या आसपास. बाकीची जनता फुकट पासवर. पास आमच्याकडे नाटकवालेही वाटतात, पण थिएटरभर नाही वाटत बिचारे. त्या वर्षीचा अंतिम सामना बर्मिंगहॅमनं फ्लोरिडाविरुद्ध २२-२१ असा एका गुणानं जिंकला. दोन्ही संघांचे पगार कित्येक आठवडे थकलेले. सामना संपला आणि शेरीफची माणसं हजर! थकबाकीपोटी विजेत्यांचे युनिफॉर्म जप्त. लीगच्या नावात अख्खं जग होतं, आणि जगज्जेत्यांच्या हाती स्वतःची चड्डी राहिली नाही. १९७५च्या ऑक्टोबरात, मोसम अर्ध्यावर असताना, लीगच मिटली.

१९८३ला आली यू.एस.एफ.एल. कल्पना मोठी शहाणी होती. एन.एफ.एल. थंडीच्या दिवसांत खेळते, आपण वसंतात खेळायचं आणि पगार आटोक्यात ठेवायचे. पण अंथरूण पाहून पाय पसरायचं ठरवलेले हे मालक शेजाऱ्याचं अंथरूण पाहून पाय पसरू लागले. एकानं महागडा खेळाडू घेतला, की दुसरा त्याहून महाग घेणार. १९८४ला लॉस एंजेलिसच्या संघानं स्टीव्ह यंगशी केलेला करार चार कोटी डॉलरचा म्हणून गाजला. बरीचशी रक्कम पुढच्या चाळीसएक वर्षांत हप्त्यांनी द्यायची होती, आणि संघ जगला एकूण तीन मोसम! त्याच ऑगस्टमध्ये मालकांनी ठरवलं, १९८६पासून आपणही एन.एफ.एल.च्याच हंगामात खेळायचं. यात पुढाकार होता न्यू जर्सीच्या संघाचे मालक डोनाल्ड ट्रम्प यांचा. तो हंगाम उजाडलाच नाही. उजाडला तो खटला.

या खटल्याचा निकाल प्रत्येक वाणिज्य महाविद्यालयात फ्रेम करून लावावा. १९८६ला ज्यूरी म्हणाली, एन.एफ.एल.नं मक्तेदारी केली हे खरं. भरपाई, एक डॉलर! कायद्यानं तिप्पट म्हणून तीन. १९९०ला व्याजासकट चेक निघाला तीन डॉलर शहात्तर सेंटचा, आणि तो कुणी वटवलाच नाही. वकिलांची फी मात्र एन.एफ.एल.कडून मंजूर झाली पंचावन्न लाख डॉलरच्या घरात. नवी लीग काढण्यात कुणाचं भलं होतं, हा प्रश्न इथं कायमचा सुटला.

बरं, ही जुनी गोष्ट म्हणावी, तर २००१ला कुस्तीवाले विन्स मॅकमन आणि एन.बी.सी. यांनी एक्स.एफ.एल. काढून एकाच मोसमात प्रत्येकी साडेतीन कोटी डॉलर घालवले. तेही एक वेळ चालेल. निदान स्वतःचे घालवले. पण २०१९ची अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल? दहा आठवड्यांचा मोसम आठव्यातच बंद. दिवाळखोरीच्या अर्जात देणी ४ कोटी ८४ लाख डॉलर, मालमत्ता १ कोटी १४ लाख, आणि रोकड ५ लाख ३६ हजार. खेळाडूंचा करार होता तीन वर्षांत अडीच लाख डॉलरचा, हमीशिवाय. काहींना घरी परतायचं विमानभाडंही पदरचं भरावं लागल्याच्या बातम्या आल्या. गुडघे त्यांचे गेले, नोकरी त्यांची गेली. मालक पुढच्या धाडसाला मोकळे! 'लिमिटेड' हा शब्द कंपनीच्या पाटीवर असतो, पण तो जबाबदारीला लागू असतो, हे तिथं नीट समजतं.

"पण भाऊजी, अशानं नव्या लीगा निघायच्याच नाहीत! १९६०ची ए.एफ.एल. टिकलीच ना?"

टिकली. का टिकली ते पाहा. लामार हंट हा तेलसम्राटाचा मुलगा तिच्या मागं होता, आणि १९६४ला एन.बी.सी.नं पाच वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. म्हणजे आधी पैसा, मग पराक्रम. पुढे १९७०ला ती एन.एफ.एल.मध्येच विलीन झाली. पण त्याच ए.एफ.एल.मधल्या न्यूयॉर्क टायटन्सची गोष्ट सांगतात, की पगाराचे चेक हातात पडताच खेळाडू बँकेकडे धावत सुटत. कारण सगळ्यांचे चेक वटतील एवढे पैसे खात्यात असतीलच याचा भरवसा नसे.

आमच्या बँकेत शिलाई मशीनसाठी कर्ज मागणाऱ्या बाईकडून आम्ही जामीनदार घेतो. मग चाळीस-पन्नास धडधाकट माणसांची हाडं पणाला लावणाऱ्याकडून काहीच घ्यायचं नाही? माझी मागणी एका ओळीची आहे. खेळाडू, बसवाला आणि धोबी या सर्वांचे मोसमभराचे पैसे आधी बँकेत वेगळे ठेवा, मालकाचा हात पोचणार नाही असे. त्यानं निम्म्या लीगा जन्मालाच येणार नाहीत हे खरं. पण ज्या येतील त्यांच्यात खेळाडू मैदानात धावतील, बँकेकडे नव्हे.