दहावीचे पहिले प्रकरण राहू द्या

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे

महोदय,

आपल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. जीवाश्म, अवशेषांगे, जोडणारे दुवे, डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त आणि मानवाची उत्क्रांती हे सारे त्यात आहे. आपले पुस्तक वापरणारी मुले ते शिकतात आणि त्यावर बोर्डाचा पेपर देतात. नव्या राज्य अभ्यासक्रमाची अंमलबजावणी २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झाली. टप्प्याटप्प्याने ती दहावीपर्यंत येईल. राष्ट्रीय अभ्यासक्रमाशी मेळ घालण्याचे धोरण असल्यामुळे आधीच विनंती करतो : या मेळात उत्क्रांती गाळू नका.

ही भीती निराधार नाही. कोविडकाळातला अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. प्रकरणाच्या नावात फक्त ‘आनुवंशिकता’ उरली. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी जाहीर पत्र काढून त्याला विरोध केला. उत्क्रांती बारावीत आहेच, असे त्यावर सांगण्यात आले. पण बारावीचे जीवशास्त्र घेतो कोण? कला आणि वाणिज्य शाखेची मुले नाही, आयटीआयला जाणारी नाही, गणिताचा गट घेऊन इंजिनिअरिंगकडे वळणारीही नाही. ज्यांची दहावीनंतर शाळाच सुटते, त्यांचे तर बोलायलाच नको. सगळ्यांना एकत्र विज्ञान शिकवण्याची शेवटची जागा दहावीचा वर्ग आहे. तिथे जे सुटले, ते बहुतेकांचे कायमचे सुटले.

मी यवतमाळ जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी कापूस पिकतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी पोखरली, ती बीटी वाण असूनही. बीटीच्या विषाने बहुतेक अळ्या मरतात. पण ज्या मोजक्या अळ्यांत ते विष पचवण्याचा गुण आधीपासून असतो, त्या उरतात. त्यांचेच पतंग एकमेकांशी जुळतात आणि पिढ्यांमागून पिढ्या तो गुण वाढत जातो. बियाण्याच्या पाकिटासोबत पूर्वी बिगर-बीटी ‘रेफ्युजी’ बियाणे वेगळे देत, ते याचसाठी. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकार लांबणीवर पडावा, हा त्यामागचा हेतू. ज्याने ते पाकीट बांधावर फेकले आणि जो हंगाम संपल्यावरही फरदड म्हणजे जुनी कपाशी राखतो, त्यांना हे कुणी समजावून सांगितलेले नसते. नैसर्गिक निवड कळलेल्या मुलाला मात्र ते एका तासात कळते. क्षयरोगाचे औषध अर्धवट सोडले की जंतू का माजतात, हेही त्याच तत्त्वाने उलगडते. ज्या राज्यात शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न एका अळीच्या उत्क्रांतीवर अवलंबून असते, तिथे हा विषय ऐच्छिक कसा असू शकतो?

आता खऱ्या अडचणीकडे येतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून तो खोडला. तरीही तोच प्रश्न वर्गात येतो : पाहिले कुणी? त्याचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या मातीत आहे. तिथे डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. शास्त्रज्ञांनी त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण शोधले आणि डायनासोरांच्या काळातच गवत उत्क्रांत झाले होते हे २००५ मध्ये दाखवून दिले. त्या प्राण्यांना चरताना कुणीही पाहिले नव्हते. पुरावा मागे राहतो आणि तो वाचता येतो, एवढेच विज्ञान सांगते. आजच्या माकडाचा माणूस झाला, असे तर उत्क्रांती म्हणतच नाही; दोघांचा पूर्वज एक होता, असे ती म्हणते.

दुसरीकडे, काही शिक्षक वाद टाळण्यासाठी दशावतारात उत्क्रांती आधीच सांगितली आहे, असे म्हणून मोकळे होतात. हेतू चांगला असला तरी त्यामुळे मुलाला पुरावा तपासण्याची गरजच वाटेनाशी होते. मत्स्य-कूर्मांवर श्रद्धा ठेवायला जीवाश्म लागत नाहीत आणि जीवाश्मांचे वय ठरवायला पुराण लागत नाही. उत्क्रांतीचे मोठे अभ्यासक थिओडोसियस डोबझान्स्की हे श्रद्धावान ख्रिश्चन होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये हा सिद्धान्त केवळ गृहीतक राहिलेला नाही, हे मान्य केले. वारीला जाणाऱ्या घरातले, रोजे ठेवणाऱ्या घरातले, रविवारी चर्चला जाणाऱ्या घरातले मूल हे प्रकरण शिकून श्रद्धा गमावते, असे मला वर्गात कधी दिसले नाही. ते शिकते ते कारण विचारायला. राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि शोधक वृत्ती हे नागरिकाचे कर्तव्यच सांगितले आहे.

म्हणून मागणे इतकेच. नव्या दहावीत उत्क्रांतीचे प्रकरण, मानवाच्या उत्क्रांतीसह, पूर्ण ठेवा. त्यात बोंडअळी आणि पिसदुरा आणा, म्हणजे मुलांना आपल्या गावचे उदाहरण मिळेल. आणि धार्मिक प्रश्न आला, तर मुलाचा किंवा त्याच्या घराचा अपमान न करता उत्तर कसे द्यायचे, याचे प्रशिक्षण शिक्षकांना मिळेल असे पाहा. वर्गातला वाद आम्ही सांभाळू. त्यासाठी पुस्तक आमच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक विज्ञान शिक्षक